अळूची खाज वेगळी, खाजकुयलीची वेगळी

अळवाने घसा खवखवला की अ‍ॅलर्जीची गोळी घ्या, खाजकुयली लागली की चिंच चोळा! असले सल्ले देणाऱ्यांपुढे आता हात टेकले. प्राण्यांनी आपल्याला खाऊ नये म्हणून दोघीही वनस्पती सुया बाळगतात, साम्य तेवढंच. अळू घरोघरचा. खाजकुयली हा शेंगवर्गातला रानवेल. जांभळी फुलं, मग सोनेरी-तपकिरी लव असलेल्या वाकड्या शेंगा. ओळखायला कुणी चुकत नाही.

घोळ आहे तो सुईचा. अळूची सुई खनिज, कॅल्शियम ऑक्झलेटचा स्फटिक. पानादेठाच्या आत, ठरावीक पेशींमध्ये या सुयांच्या जुड्या असतात. देठाचा रस पाण्याच्या थेंबात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. लांबट पेशीच्या टोकातून सुया बाहेर फेकल्या जाताना दिसू शकतात. म्हणजे दात किंवा विळी लागल्याशिवाय हे हत्यार चालत नाही. (काही हॉक मॉथचे सुरवंट तरीही अळवावर मजेत चरतात, तो भाग निराळा.) हे स्फटिक शिजवून विरघळत नाहीत, व्हिनेगरमध्येही नाहीत. पण सुयांबरोबर दाह करणारं प्रथिनही असल्याचं संशोधकांना आढळलं आहे, आणि प्रथिन उष्णतेने बिघडतं. त्यामुळे फदफद्यात चिंच जरूर घाला, तिच्याशिवाय मजा नाही. पण अर्धकच्चं अळू चिंचेच्या भरवशावर पानात वाढू नका.

खाजकुयलीची सुई म्हणजे शेंगेवरचा केस. तो बाहेर, उघड्यावर असतो. चावायची गरजच नाही. शेंगेला हात लागला, नाहीतर वाऱ्याने लव उडाली, की काम झालं. हा केस नुसता हमाल आहे. खाज सुटते ती त्याने वाहून आणलेल्या म्युकुनेन नावाच्या विकरामुळे (एन्झाइममुळे). प्रयोगशाळेत उष्णतेने निकामी केलेले केस टोचून पाहिले आहेत. केस रुततो, खाज येत नाही. म्युकुनेन चेतातंतूंच्या टोकांना थेट चेतवतं, हिस्टामिनच्या (अ‍ॅलर्जीत खाज आणणाऱ्या शरीरातल्या रसायनाच्या) वाटेने जातच नाही. म्हणून हिस्टामिन रोखणारी नेहमीची गोळी घेऊनही माणूस खाजवत बसतो. आणि ‘दोन्हीकडे ऑक्झलेटच’ असं ठोकून देणाऱ्यांनी निदान हे तरी वाचावं.

उपायही त्यामुळे निराळे. केस रुतले असतील तर आधी ते काढायचे. कोरड्या कातडीवर चिकटपट्टी दाबून ओढा, मग धुवा. गावाकडे शेण थापतात आणि वाळलं की खरवडतात. तत्त्व तेच, पण खाजवून कातडी फुटली असेल तर शेण अजिबात नको. अंगावरचे कपडे वेगळे धुवा. सुरण किंवा अळू चिरण्याआधी हाताला तेल लावतात ते बरोबर आहे, सुया आत शिरायला आडकाठी होते. खाजकुयली लागल्यावर तेच तेल चोळलं, तर केस खोल जातात आणि कोपरापर्यंत पसरतात.