बंदुकीचा बार आणि नेमबाजाचे कान : पार्श्वभूमी

तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य. तिघेही कोल्हापूरचे, आणि तिघांचंही हत्यार पॉइंट टू-टूचं, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीचं. आपल्याकडची बहुतेक मुलं १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलापासून सुरुवात करतात. तिथे दारू नसते, दाबलेली हवा असते, त्यामुळे कानाचा विचार सहसा कुणी करत नाही. पुढे पॉइंट टू-टू हातात येते, त्या दिवसापासून कान धोक्यात येतात आणि पालकांची शोधाशोध सुरू होते. समोर फोमचे बोळे, सिलिकॉनचे प्लग, कानावर वाट्या चढवणारे इअरमफ, इलेक्ट्रॉनिक इअरमफ असे ढीगभर पर्याय आणि प्रत्येक पाकिटावर एक आकडा. एवढे प्रकार का निघाले, त्या आकड्यावर किती विसंबायचं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

आधी कानाबद्दल. बंदुकीच्या आवाजाचं शिखर साधारण १४० ते १७० डेसिबलच्या पट्ट्यात असतं. पॉइंट टू-टू रायफल त्याच्या खालच्या टोकाला, बारा बोअरची बंदूक १५० च्या पुढे, मोठ्या शिकारी रायफली १६० च्याही वर. नळी आखूड असली किंवा नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारा मझल ब्रेक बसवलेला असला, तर आवाज आणखी वाढतो. डेसिबल १० ने वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणून १४० आणि १६० मधला फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे. अचानक होणाऱ्या धमाक्यासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानली जाते. म्हणजे सगळ्यात सौम्य बंदूकही त्या रेषेवरच उभी आहे.

मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक बारीक स्नायू आवळतो आणि हाडांची साखळी ताणून धरतो. हे शरीराचं स्वतःचं संरक्षण. पण तो पूर्ण आवळायला सेकंदाचा दहावा हिस्सा तरी जातो आणि बार त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो. आत शंखाकृती कॉक्लियामध्ये आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नेमबाजीच्या रेंजवरून आल्यावर कानाला दडे बसतात, कानात किर्र आवाज येतो आणि सकाळपर्यंत सगळं ठीक वाटतं. या ‘ठीक वाटण्या’ने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना फसवलं आहे. नुकसान आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपाशी, होतं. तिथलं ऐकणं गेलं तरी गाडीचा हॉर्न, दाराची कडी सगळं ऐकू येतं, फक्त गर्दीत ‘स’, ‘श’ अशी व्यंजनं निसटू लागतात. बोलणं ऐकू येतं पण कळत नाही, अशी तक्रार घेऊन माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा बरीच वर्षं उलटलेली असतात. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान बहुधा जास्त खराब होतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा कान डोक्याच्या आडोशाला राहतो.

हे काही नवं ज्ञान नाही. १७८२ च्या एप्रिलमध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सेंट्सच्या लढाईत ‘फॉर्मिडेबल’ जहाजावरच्या तोफांच्या फैरींनंतर ब्रिटिश अ‍ॅडमिरल रॉडनी १४ दिवस बहिरा झाला होता, अशी नोंद जुन्या वैद्यकीय लिखाणात येते. १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरने बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासून आवाजाने बहिरेपण येतं हे पद्धतशीर मांडलं. तरीही तोफखान्यात आणि शिकारी लोकांत कापसाचा बोळा हाच सर्वमान्य उपाय राहिला. कोरडा कापूस हवेला आणि आवाजाला जवळजवळ मोकळी वाट देतो. कान झाकल्याचं समाधान देणारा आणि संरक्षण न देणारा हा उपाय आपल्याकडे आजही दिसतो, म्हणून ठासून सांगावंसं वाटतं : कापसाचा बोळा नको.

या इतिहासात मॅक्झिम बापलेकांची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. हिराम स्टीव्हन्स मॅक्झिम या अमेरिकेत जन्मलेल्या संशोधकाने १८८४ च्या सुमारास लंडनमध्ये आपोआप भरून उडणारी मशीनगन बनवली. वर्षानुवर्षं तिच्या शेजारी उभं राहून त्याचे कान पार गेले. त्याच्या मुलाने, हिराम पर्सी मॅक्झिमने, उलट्या बाजूने काम केलं. नळीच्या तोंडातून सुटणारा गरम वायू आडपडद्यांमधून फिरवत हळूहळू सोडला तर धमाका मंदावतो, हे तत्त्व वापरून त्याने बंदुकीचा सायलेन्सर बनवला आणि १९०९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. मोटारींच्या धुराड्याचा आवाज कमी करण्याच्या कामातही तो होता. आवाज कानाशी अडवण्याऐवजी उगमापाशीच कमी करायचा, हा विचार आजही सर्वात शहाणपणाचा आहे. अमेरिकेत १९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याने सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर बसवला, त्या काळी ही रक्कम जबर होती, आणि ती वाट अरुंद झाली. फिनलंड, नॉर्वेत मात्र शिकाऱ्याच्या रायफलीवर सायलेन्सर ही साधी गोष्ट आहे. तो साधारण २० ते ३० डेसिबल कमी करतो आणि ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा फटकारा तसाच राहतो. त्यामुळे मोठ्या रायफलीला सायलेन्सर लावूनही कान झाकावेच लागतात.

कानाशी अडवण्याची वाट बर्लिनमधून सुरू होते. औषधविक्रेता मॅक्स नेगवेअर याने १९०७ मध्ये मेण आणि कापूस एकत्र करून ‘ओरोपॅक्स’ हे बोळे तयार केले. हाताच्या उबेने ते मऊ होतात आणि कानाचा आकार घेतात. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैनिकांपर्यंत पोहोचले. ब्रिटिश बाजूला ‘मॅलॉक-आर्मस्ट्राँग’ नावाचा प्लग होता. त्यात बारीक पडदा होता आणि हेतू असा की हुकूम ऐकू यावा पण तोफेचा मार कानाला लागू नये. आजवरचं सगळं संशोधन याच दोन मागण्यांच्या ओढाताणीत पुढे सरकलं. आवाज पूर्ण बंद केला तर सैनिकाला हुकूम, शिकाऱ्याला पाचोळ्यातली चाहूल आणि रेंजवरच्या पोराला ‘स्टॉप’ ऐकू येत नाही. मग तो कानातलं काढून ठेवतो, आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी बार होतो.

दुसऱ्या महायुद्धात हार्वर्डच्या प्रयोगशाळांतल्या कामातून ‘व्ही-५१आर’ हा वेगवेगळ्या मापांतला मऊ प्लग आला आणि अमेरिकी सैन्यात तो कित्येक वर्षं राहिला. मापाची भानगड सुटली ती फोममुळे. १९६७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या नॅशनल रिसर्च कॉर्पोरेशनमध्ये रॉस गार्डनर आणि सहकारी जोडांमधल्या फटी बुजवण्याच्या पदार्थांवर काम करत होते. दाबल्यावर सावकाश फुगणारा एक पदार्थ त्यांच्या हाती लागला. १९७२ च्या सुमारास तो ‘ई-ए-आर’ नावाने बाजारात आला आणि तो पिवळा दंडगोल जगभर पसरला. स्वस्त असूनही नीट घातला तर महागड्या इअरमफला तो हार जात नाही.

नीट घालणं मात्र शिकावं लागतं. बोटांमध्ये फिरवून बोळा सुरकुती न पडता काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत, अर्धा मिनिट तरी, बोटाने धरून ठेवायचा. बरोबर बसला की स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो. बोळ्याचा बराचसा भाग कानाबाहेर दिसत असेल तर तो बसलेला नाही.

पाकिटावरचा आकडा याच काळातला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७९ मध्ये प्रत्येक कर्णरक्षकावर ‘एनआरआर’ (नॉइज रिडक्शन रेटिंग, म्हणजे आवाज किती डेसिबलने कमी होतो) छापणं सक्तीचं केलं. तो आकडा प्रयोगशाळेतला असतो : प्लग तज्ज्ञ बसवून देणार, बसणारा माणूस स्थिर, आवाजही एकसारखा. रेंजवर यातलं काहीच नसतं. म्हणून अमेरिकेची कामगार-सुरक्षा यंत्रणा ओशा कामाच्या जागी एनआरआरमधून ७ वजा करून उरलेलं निम्मंच धरण्याचा सल्ला देते, म्हणजे ३० चे ११.५ उरतात. युरोपात ‘एसएनआर’ (सिंगल नंबर रेटिंग) हा वेगळा आकडा चालतो आणि त्याच वस्तूसाठी तो सहसा थोडा मोठा असतो. आपल्याकडे दोन्ही प्रकारचा माल येतो. एकाचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर शेजारी ठेवून तुलना करू नये. प्लगवर मफ चढवला तर आकड्यांची बेरीजही करायची नसते, मोठ्या आकड्यावर साधारण ५ डेसिबलची भर पडते, कारण एका मर्यादेनंतर आवाज कवटीच्या हाडातूनच आत जातो. तरी बंदिस्त रेंजवर ते ५ डेसिबल मोलाचे आहेत, तिथे भिंतीवरून उलटणारा आवाज आणि शेजारच्या लेनचा बारही कानावर येतो.

साधं बोलणं ऐकू यावं आणि धमाका अडावा यासाठी फ्रान्स-जर्मनीच्या सेंट-लुई इथल्या संयुक्त संशोधन संस्थेने बारीक छिद्राचा प्लग विकसित केला. हळू आवाज छिद्रातून जातो, धमाक्याच्या दाबाने छिद्रातली हवाच अडथळा होते. याच कल्पनेवरचा दोन टोकांचा ‘कॉम्बॅट आर्म्स’ प्लग अमेरिकी सैन्याला अनेक वर्षं पुरवला गेला. तो कानात नकळत सैल होतो, असा आरोप झाला. तो विकणाऱ्या ३एम कंपनीने २०१८ मध्ये अमेरिकी सरकारशी ९१ लाख डॉलरची आणि २०२३ मध्ये माजी सैनिकांशी ६०१ कोटी डॉलरची तडजोड केली. दोष कबूल केला नाही. अमेरिकी माजी सैनिकांच्या नोंदवलेल्या अपंगत्वांत कानातला सततचा आवाज आणि बहिरेपण सर्वात वरच्या जागी आहेत, हे लक्षात घेतलं की या रकमेचं नवल वाटत नाही.

शिकाऱ्यांनी उचलला तो इलेक्ट्रॉनिक मफ. बाहेरच्या मायक्रोफोनने हळू आवाज वाढवून आत द्यायचा आणि ठरावीक पातळीवर, बहुधा ८०-८५ डेसिबलच्या आसपास, रोखायचा. अमेरिका आणि स्कँडिनेव्हियातल्या शिकाऱ्यांना यामुळे चाहूल आणि कान दोन्ही राखता आले. भारतात १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौशी शिकारीचा प्रश्नच उरला नाही. पण कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अजून बंदुका आहेत, आणि राखणीला बसलेल्या माणसाला चाहूल ऐकणं भाग असतं. त्याच्या कानांची काळजी कुठल्याच सरकारी कागदात दिसत नाही, याची मला खंत वाटते.

स्पर्धेतल्या नेमबाजाला इलेक्ट्रॉनिक मफचा पर्याय नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम कान झाकण्याचा आग्रह धरतात, पण आवाज आत घेणारं उपकरण खेळाडूला चालत नाही. मग उरतात प्लग, साधा मफ किंवा दोन्ही. रायफलवाल्याने मफची वाटी पातळ आहे ना हे बघावं, जाड वाटी दस्त्याला अडते, गाल टेकवताना सरकते आणि फट पडते. चष्म्याची जाड काडीही तशीच फट पाडते. लहान मुलांच्या कानाची वाट अरुंद असते, त्यांना लहान मापाचा बोळा लागतो. आणि पॉइंट टू-टू सुरू करण्याआधी एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून तिचा आलेख फाइलला लावावा. पुढच्या वर्षीच्या आलेखात ४,००० हर्ट्झपाशी खड्डा दिसू लागला, तर कर्णरक्षक बसवण्यात कुठेतरी चूक होते आहे हे तेव्हाच कळेल.