मोठं कासव दुसऱ्याकडे सोपवायचंय? बडोदेकरांसाठी अर्जाची माहिती

नवं घर शोधायच्या आधी कासव कोणतं आहे ते नीट पाहा. पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

पाठ मातकट पिवळी, नक्षी नाही आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना, मागच्या मांड्यांवर जाड काटे असतील, तर ते आफ्रिकेतलं सुल्काटा. विकत घेताना तळहातावर मावतं, पुढे पन्नास किलोच्या वर जाऊ शकतं. काळपट पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतील, तर ते आपल्याकडचं स्टार कासव.

स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे मालकी प्रमाणपत्राशिवाय ते घरी ठेवणं गुन्हा. "मामांनी दिलं होतं" हे उत्तर चालत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. ते ओळखीपाळखीत कुणालाही देऊ नका. वन विभागाला लेखी कळवून ताब्यात द्या आणि पोच घ्या. जुनं मालकी प्रमाणपत्र असेल तर कलम ४२अ लागू होतं: मुख्य वन्यजीव रक्षकांना सात कामकाजाच्या दिवसांची नोटीस द्यायची आणि प्राणी सुपूर्द करायचा. मोबदला मिळत नाही.

सुल्काटा चौथ्या अनुसूचीत येतं, म्हणजे नोंदणी करून पाळता येतं. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार ती केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर होते. हस्तांतरणाची नोंदही करावीच लागते, "फुकटच देतोय, मग अर्ज कशाला?" असं म्हणून सुटका नाही. तुमच्या नावावर नोंदणीच नसेल, तर आधी तिचं काय करायचं ते वन विभागाच्या कार्यालयात विचारा. बिनकागदाचं कासव दुसऱ्याच्या गळ्यात मारणं म्हणजे त्यालाही अडकवणं.

जवळ ठेवा: दोघांची ओळखपत्रं आणि पत्त्याचे पुरावे, नोंदणीचं प्रमाणपत्र, खरेदीचं बिल किंवा आयातीची कागदपत्रं आणि फोटो. फोटो पाठीचा वरून आणि पोटाकडचा असे दोन काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. पशुवैद्याचा तपासणी दाखलाही काढून ठेवलेला बरा.

कमाटी बागेतलं प्राणीसंग्रहालय घेईल, असं अनेकांना वाटतं. पण कायद्याने प्राणीसंग्रहालयाला फक्त मान्यताप्राप्त प्राणीसंग्रहालयाकडूनच प्राणी घेता येतो, त्यामुळे कासव घेऊन थेट फाटकावर जाण्यात अर्थ नाही.

घेणारा कसा हवा, हे मात्र तुम्हीच ठरवायचं. माझ्या मते तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बादच. सुल्काटा खोल बीळ खणतं, म्हणून अंगण हवं आणि कुंपणाचा पाया जमिनीत उतरलेला हवा. जानेवारीच्या रात्रींसाठी उबदार खोपटं लागतं. खाणं म्हणजे मुख्यतः गवत, पोळी-भात नाही. हे कासव पन्नास वर्षांहून जास्त जगतं, तेव्हा घेणाऱ्याचं वय विचारायला लाजू नका. त्याच्यामागे कोण सांभाळणार, तेही विचारा.

सूरसागर किंवा विश्वामित्रीत तर अजिबात सोडू नका. जमिनीवरचं कासव पोहत नाही, बुडतं. आणि विश्वामित्रीत मगरी आहेत.

कासव दगावलं, तरी पोर्टलवर कळवावं लागतं. नव्या मालकाला हे आधीच सांगून ठेवा.