ड्राइव्हमधील अ‍ॅनालॉग वाचन

ड्राइव्हमधील अ‍ॅनालॉग वाचन : मोटरचा प्रवाह, गती किंवा भार ड्राइव्ह (मोटरची गती नियंत्रित करणारे उपकरण) आपल्या टर्मिनलवर लहान व्होल्टेजच्या रूपाने दाखवतो. त्या व्होल्टेजवरून मूळ राशी काढण्याची ही रीत. ०–१० व्होल्ट हा सर्वांत रूढ पल्ला. दोन्ही दिशांना फिरणाऱ्या मोटरसाठी ±१०.

पूर्ण माप १० व्होल्टच का, याची दोन कारणे दिली जातात. दशमान हिशेबाची सोय हे एक. दुसरे जुन्या यंत्रांत सापडते. निर्वात नलिकांच्या अ‍ॅनालॉग संगणकांत बहुधा ±१०० व्होल्ट हे एकक असे; ट्रान्झिस्टर आल्यावर, साधारणतः १९६०च्या सुमारास, ते ±१० वर उतरले. ±१५ व्होल्ट पुरवठ्याच्या प्रवर्धकातून (अ‍ॅम्प्लिफायर) रेषीयता न बिघडता तेवढे सहज मिळते, आणि जुन्या डीसी ड्राइव्हचे गतिनियंत्रण अशाच प्रवर्धकांवर बेतलेले असे. हे दुसरे कारण अधिक ग्राह्य वाटते. व्होल्टेजऐवजी प्रवाहाने वाचन पाठवणाऱ्या ४–२० मिलिअँपिअर या संकेताचे मूळ वेगळे. हवेच्या दाबाच्या ३–१५ पीएसआय या आधीच्या संकेताशी त्याचे १:५ हे गुणोत्तर तंतोतंत जुळते. ५०० ओहमच्या रोधावर हा प्रवाह २–१० व्होल्ट देतो, म्हणून ० दिसले की तार तुटली असे धरतात.

वाचन चुकते ते ‘१०० टक्के कशाचे?’ या प्रश्नावर. समजा, १० व्होल्ट म्हणजे २०० टक्के प्रवाह असे लावलेले आहे आणि मीटरवर ४.२ व्होल्ट आले. हे ४२ नव्हे, ८४ टक्के. मोटर ३० अँपिअरची असेल व टक्केवारी तिचीच असेल, तर २५.२ अँपिअर. टक्केवारी ३८ अँपिअरच्या ड्राइव्हची असेल, तर ३१.९, म्हणजे मोटर मर्यादेबाहेर गेली. मीटर लावण्याआधी ड्राइव्हमधील पॅरामीटर, म्हणजे हे माप ठरवणारी नोंद, पाहिलाच पाहिजे.

गोव्यात वेर्णा, कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींत हे काम नित्याचे. किनाऱ्यालगतची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरची ओल यांनी टर्मिनलचे स्क्रू गंजतात. कॉमनची (संकेताच्या परतीच्या समाईक तारेची) जोडणी सैल झाली की आकडा उड्या मारू लागतो. अशा वेळी ड्राइव्हच्या आणि पीएलसीच्या (हे व्होल्टेज वाचणाऱ्या औद्योगिक नियंत्रक संगणकाच्या) अशा दोन्ही टोकांना मोजतात. व्होल्टेज वेगळे आले, तर दोष तारेत. दोन्हीकडे सारखेच असून पडद्यावरचा आकडा चुकीचा असेल, तर स्केलिंगमध्ये, म्हणजे व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करण्याच्या मापात. सीमेन्सच्या एस७ पीएलसीत १० व्होल्टला २७,६४८ हा अंक येतो, तेव्हा ४.२ व्होल्टला सुमारे ११,६१२ दिसायला हवा.