कॉल तुटतोय? आधी कंट्रोलर बघू

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्क, म्हणजे एसडीएन, वापरणाऱ्या ग्राहकांची आमच्याकडे ठरलेली तक्रार असते: "लाइन वाढवून घेतली, तरी कॉलवर आवाज तुटतोच." लाइन वाढवणं हा अनेकदा महागडा आणि चुकीचा उपाय ठरतो.

साध्या नेटवर्कमध्ये प्रत्येक स्विच, म्हणजे यंत्रं एकमेकांना जोडणारी पेटी, आपली वाट आपणच ठरवतो. एसडीएनमध्ये ही अक्कल कंट्रोलर नावाच्या मध्यवर्ती सॉफ्टवेअरकडे असते आणि स्विच फक्त नियमांचा तक्ता बघून पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, पुढे ढकलतो. तक्त्यात न बसणारं पॅकेट आलं, की सहसा तो कंट्रोलरला विचारतो, "याचं काय करू?" उत्तर आलं की नवा नियम तक्त्यात बसतो आणि मागून येणारी पॅकेट न विचारता जातात.

गोम इथेच आहे. व्हायरस लागलेल्या एखाद्या पीसीने दर वेळी नवा खोटा पत्ता लावून पॅकेटचा मारा केला, तर प्रत्येक पॅकेट अनोळखी ठरतं. कंट्रोलर उत्तरं देऊन बेजार होतो, तक्ता भरून जातो आणि तुमच्या खऱ्या कॉलचा नियम ताटकळत राहतो. तुम्हाला ऐकू येतो तो तुटका आवाज. दुखणं सुरक्षेचं असतं. म्हणूनच कॉलचा दर्जा आणि सुरक्षा या दोन कामांची आम्ही वेगळी बिलं लावत नाही.

आवाजाच्या पॅकेटला आम्ही डीएससीपी ४६ ही प्राधान्याची खूण देऊन वेगळ्या रांगेत घालतो. त्या रांगेलाही मर्यादा हवीच, नाहीतर उद्या बॅकअपसुद्धा ४६ लावून पुढे घुसेल. कंट्रोलरकडे जाणाऱ्या प्रश्नांवर मीटर, म्हणजे वेगाची मर्यादा, बसवतो. स्विच आणि कंट्रोलर ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात त्या ओपनफ्लोमध्ये ही सोय १.३ आवृत्तीपासून आहे. स्विच ती खरंच पाळतो का, हे मारा करूनच तपासतो. माहितीपत्रकात सगळेच पाळतात!

स्विच आणि कंट्रोलर यांच्यातलं बोलणं ६६५३ पोर्टवर, अनेक ठिकाणी अजून उघडंच चालतं, कारण ओपनफ्लोमध्ये टीएलएस, म्हणजे बोलणं कुलूपबंद करणारी पद्धत, सक्तीचं नाही. आम्ही ते दोन्हीकडच्या प्रमाणपत्रांसह चालू करतो.

एक निर्णय मात्र तुमचा. कंट्रोलर बंद पडला तर स्विचने जुन्याच नियमांवर चालायचं, की साध्या स्विचसारखं सगळ्यांना जाऊ द्यायचं? दुसऱ्या पर्यायात काम थांबत नाही, पण तुमचे अडवणुकीचे नियमही उठतात. आमचा माणूस येण्याआधी हे आपसात ठरवून ठेवा.