१२८ बाइटांतला ब्रह्मराक्षस

काळ्याशार पडद्यावर दोन डोळे. बाकी काहीच नाही, ना चेहरा, ना हातपाय. जॉयस्टिक हलवली की डोळे सरकतात. बटण दाबलं की काडी पेटते आणि डोळ्यांभोवती उजेडाचं एवढंसं रिंगण पडतं. त्या रिंगणात फुटक्या कलशाचा तुकडा दिसला तर दिसला, नाहीतर पुढची खोली. तेवढ्यात वारा घोंघावतो आणि काडी विझते. वारा सुटला याचा अर्थ एकच, खोलीत तुमच्याशिवाय आणखी कोणीतरी आहे.

हा १९८२ सालचा 'हॉन्टेड हाऊस', अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावरचा, म्हणजे कॉन्सोलवरचा. चार मजली वाडा, वटवाघळं, कोळी आणि एक भूत. कलशाचे तीन तुकडे गोळा करून बाहेर पडायचं, एवढीच गोष्ट. हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्री, जुना भुताखेतांचा गेम खेळायचा म्हटलं की मी पहिलं नाव याचं घेते. लोक स्क्रीनशॉट बघतात आणि म्हणतात, यात घाबरण्यासारखं आहे काय? स्क्रीनशॉटमध्ये खरंच काही नाही. भीती खेळणाऱ्याच्या डोक्यात तयार होते, आणि ती कशी तयार होते यावर गेल्या तीसेक वर्षांत मेंदूच्या अभ्यासकांनी बरंच काही शोधून काढलं आहे.

आधी त्या यंत्राची ऐपत बघू. अटारी २६०० ची कामाची मेमरी होती १२८ बाइट. मराठी मजकूर संगणकात साठवताना आज प्रत्येक चिन्हाला साधारण ३ बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी वेगवेगळी चिन्हं. म्हणजे १२८ बाइटांत जेमतेम ४२ चिन्हं मावतील, एक छोटं वाक्य. तेवढ्या जागेत खेळाडू कुठे आहे, भूत कुठे आहे, कलशाचे तुकडे कुठे पडलेत, काडी पेटलेली आहे की विझलेली, हे सगळं लक्षात ठेवायचं. पूर्ण चित्र साठवायला जागाच नव्हती. त्यामुळे टीव्हीचा किरण पडद्यावर एकेक ओळ रेखाटत खाली सरकायचा आणि प्रोसेसर त्याच्यासोबत धावत ऐन वेळी ती ओळ बनवायचा. हलणाऱ्या आकृतीची रुंदी ८ ठिपके. तेवढ्यात माणूस काढला असता तर तो बाहुला दिसला असता. अंधारातले दोन डोळे मात्र ८ ठिपक्यांत झकास बसतात, आणि खेळणाऱ्याला लगेच कळतं की मी इथे आहे आणि मला काही दिसत नाहीये.

अंधाराचा परिणाम मोजलेला आहे. अचानक मोठा आवाज झाला की आपण दचकतो, पापण्या मिटतात. ही क्रिया सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतच सुरू होते, विचार करायला सवड नसते. क्रिस्टियन ग्रिलाँ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये स्वयंसेवकांना उजेडात आणि अंधारात असेच आवाज ऐकवले. अंधारात दचकणं वाढलं. आवाज तोच, खोली तीच, फक्त दिवा बंद. तेव्हा हे गेम खेळताना खोलीतला दिवा घालवा, असं मी सांगते ते वातावरणनिर्मितीची हौस म्हणून नाही. तुमची मज्जासंस्था खरोखरच वेगळी वागते.

आता माझा सगळ्यात लाडका, 'थ्रीडी मॉन्स्टर मेझ'. माल्कम इव्हान्स यांनी तो १९८१ मध्ये सिंक्लेअर झेडएक्स८१ या घरगुती संगणकासाठी लिहिला. त्या संगणकात मुळात १ किलोबाइट मेमरी होती, या गेमसाठी १६ किलोबाइटचा जोड लावावा लागायचा. रंग नाहीत, आवाज तर अजिबात नाही. तुम्ही एका चक्रव्यूहात आहात, समोर काळ्यापांढऱ्या चौकटींनी बनवलेला बोळ आहे आणि आत कुठेतरी टायरॅनोसॉरस रेक्स आहे. पडद्याच्या तळाशी एक ओळ येते. 'रेक्स दबा धरून बसला आहे.' तुम्ही दोन पावलं टाकता, वळता. 'तो तुमच्या शोधात आहे.' अजून काही दिसत नाही. 'पावलं जवळ येत आहेत.' कुठून? ते मात्र ती ओळ सांगत नाही. मग 'रेक्सने तुम्हाला पाहिलं आहे', आणि समोरच्या बोळाच्या टोकाला काहीतरी हलतं. ठोकळ्याठोकळ्यांचं, पण दर झेपेला मोठं होणारं.

मी हा गेम पहिल्यांदा एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळले तेव्हा 'पावलं जवळ येत आहेत' ही ओळ वाचून मान वळवली होती. मागे भिंत होती. पावलांचा आवाजही नव्हता, नुसती अक्षरं होती. पण मेंदूने ऐकायचं ठरवलं होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच.

योगायोग असा की भीतीवरचा एक गाजलेला प्रयोग जवळजवळ याच गेमसारखा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये डीन मॉब्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लोकांना मेंदूची हालचाल टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपवून चक्रव्यूहाचा गेम खेळायला दिला. पडद्यावर एक शिकारी तुमच्या मागे लागतो, त्याने गाठलं तर हाताला खराखुरा विजेचा झटका. शिकारी लांब असताना कपाळामागचा, आखणी करणारा भाग जास्त काम करत होता. शिकारी जवळ येऊ लागला तशी लगबग मेंदूच्या खोल, जुन्या भागाकडे सरकली, मध्यमेंदूतल्या पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे नावाच्या पट्ट्याकडे. पळणं, गोठणं, झुंजणं या कामांशी हा पट्टा जोडलेला आहे. दूरचं संकट आपण विचाराने हाताळतो, अंगावर आलेलं शरीराने. 'मॉन्स्टर मेझ'च्या त्या पाच-सहा ओळी खेळणाऱ्याला याच उतरंडीवरून खाली नेतात. पहिल्या ओळीला तुम्ही नकाशा आखत असता, शेवटच्या ओळीला बोटं आपोआप भलतंच बटण दाबतात आणि तुम्ही भिंतीवर आदळता.

याच कॉलेजातला २०१६ चा दुसरा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आर्ची द बर्कर आणि सहकाऱ्यांनी ४५ स्वयंसेवकांना संगणकावर दगड दाखवले. दगडाखाली साप आहे की नाही याचा अंदाज करायचा, साप निघाला तर हाताला दुखेल असा झटका. घाम, डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार आणि लोकांनी स्वतः सांगितलेला ताण, सगळं नोंदलं गेलं. झटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण कमी होता. शक्यता निम्मीनिम्मी असताना तो सर्वांत जास्त होता. वाईट नक्की घडणार यापेक्षा घडेल की नाही हे न कळणं जिवाला जास्त खातं.

हे ध्यानात ठेवून १९९५ चा 'क्लॉक टॉवर' खेळा. निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम कॉन्सोलवरचा हा गेम ह्युमन एंटरटेनमेंट या कंपनीने बनवला, दिग्दर्शक हिफुमी कोनो. जेनिफर नावाची मुलगी एका वाड्यात अडकली आहे आणि भलीमोठी कात्री घेतलेला एकजण तिच्या मागावर आहे. तिच्याकडे शस्त्र नाही. बराच वेळ फक्त तिच्या पावलांचा आवाज येतो. एखादी वस्तू तपासायची म्हटली तरी धाकधूक, कारण कात्रीवाला कुठूनही उगवतो आणि कधी उगवतच नाही. तिचं छोटं चित्र कोपऱ्यात असतं आणि ती किती घाबरली, थकली आहे त्याप्रमाणे चित्रामागचा रंग निळ्यापासून लालपर्यंत बदलतो. लाल झाल्यावर ती अडखळते. घाबरण्याचं माप गेममध्ये दाखवायची ही कल्पना मला आजही हुशारीची वाटते.

सगळेच भुताळी गेम घाबरवतात असं नाही. १९८५ चा 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' किंवा १९८६ चा 'कॅसलव्हेनिया' यांत भुतं, सांगाडे, कबरी सगळं आहे, पण ती सजावट. 'कॅसलव्हेनिया'त एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही, त्यामुळे प्रत्येक उडीला पोटात गोळा येतो खरा, पण तो पडण्याचा, भुताचा नाही. हॅलोविनला चार मित्र जमले असतील तर हे जरूर लावा. एकट्याच्या रात्रीसाठी पुढचे घ्या.

कॅपकॉमचा १९८९ चा 'स्वीट होम' फक्त जपानमध्ये निघाला. पाच माणसं एका पछाडलेल्या वाड्यात शिरतात, त्यांतलं कोणी मेलं की कायमचं गेलं. दार उघडताना पडदाभर दाराचं चित्र येतं आणि क्षणभर पलीकडचं काही दिसत नाही. पुढे याच कंपनीने १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर 'रेसिडेंट ईव्हिल' काढला तो या गेमचा वारसा घेऊनच. तिथेही दार आहे. काळ्या पार्श्वभूमीवर एक दार, कडी फिरते, कुरकुरत उघडतं, आपण आत जातो. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ मेगाबाइट आणि सीडी वाचायचा वेग सेकंदाला ३०० किलोबाइट. पुढच्या खोलीचा सगळा माल डिस्कवरून आणायला काही सेकंद लागायचेच. तो वेळ दाराने झाकला. पण खेळणाऱ्याच्या बाजूने पाहा. दार उघडताना हातातलं बटण निकामी असतं, मागे फिरता येत नाही आणि पलीकडे काहीतरी असण्याची शक्यता निम्मीनिम्मी. सापाचा दगडच तो, प्रत्येक खोलीला एक.

या गेममध्ये प्रगती साठवायला टंकलेखन यंत्राची रिबन लागते आणि रिबनी मोजक्याच मिळतात. एम्युलेटरवर हवं तिथे गेम साठवायची आणि मागे न्यायची सोय असते. कृपा करून ती वापरू नका. मागच्या अर्ध्या तासाची मेहनत पणाला लागलेली नसेल तर बोळाच्या टोकाचा झोंबी म्हणजे नुसतं चित्र.

यंत्राच्या अडचणीतून सौंदर्य उभं राहिल्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे कोनामीचा १९९९ चा 'सायलेंट हिल', दिग्दर्शक केइचिरो तोयामा. अख्खं शहर दाखवायचं होतं, आणि प्लेस्टेशनला लांबवरच्या इमारती काढणं झेपत नव्हतं. म्हणून काही पावलांपलीकडे सगळं धुक्यात किंवा अंधारात बुडवलं. त्यात त्या यंत्राचं गणित पूर्णांकांवर चालणारं, त्यामुळे भिंतींचे कोपरे जरा थरथरतात, फरशा वाकल्यासारख्या दिसतात. इतर गेममध्ये हा दोष वाटतो. इथे शहराला ताप चढल्यासारखं वाटतं.

सुरुवातीलाच नायकाला खिशात मावणारा रेडिओ सापडतो. राक्षस जवळ आला की त्यात खरखर सुरू होते आणि तो जवळ येईल तशी वाढते. खरखर 'आहे' एवढं सांगते, 'कुठे' ते सांगत नाही. तुम्ही धुक्यात गोल फिरता, टॉर्चचा झोत टाकता, खरखर वाढते, झोतात काहीच नाही. अठरा वर्षांआधीच्या 'मॉन्स्टर मेझ'मधल्या त्या मुक्या ओळीचंच काम आता आवाज करतो आहे.

त्यातलं अकिरा यामाओका यांचं संगीत लोखंडावर लोखंड घासल्यासारखं आहे. माणसाची किंकाळी इतर आवाजांपेक्षा वेगळी का, यावर २०१५ मध्ये लुक आर्नाल, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किंकाळीचा जोर सेकंदाला ३० ते १५० वेळा वरखाली होतो, आवाज खडबडीत होतो. खडबड जितकी जास्त तितकी ऐकणाऱ्याला भीती जास्त, आणि धोक्याची दखल घेणारा मेंदूतला अमिग्डाला हा भागही तितकाच चेततो. धोक्याची घंटा म्हणून वाजवलेल्या आवाजांतही हीच खडबड सापडते. यामाओकांनी हे कानानेच ओळखलं असावं असं मला वाटतं. हेडफोन लावून ऐका, टीव्हीच्या स्पीकरवर अर्धं हरवतं.

किती घाबरावं यालाही मर्यादा आहे. डेन्मार्कमधल्या ऑरहूस विद्यापीठाच्या मार्क अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एका भूतबंगल्यात शिरलेल्या ११० लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले. भीती फार कमी तर मजा नाही, फार जास्त झाली तरी मजा नाही. मधल्या पट्ट्यात असलेल्यांना सर्वांत जास्त आनंद मिळाला. जुने गेम मला या पट्ट्यात नेमके बसलेले दिसतात. ठिपके दिसत असतात, त्यामुळे हा खेळ आहे याची खात्री मेंदूचा एक कोपरा धरून ठेवतो आणि उरलेला मेंदू बिनधास्त घाबरतो. 'सायलेंट हिल' जड वाटला तर बंद करून 'मॉन्स्टर मेझ' लावायला कमीपणा मानू नका.

एका रात्रीत सगळे होणार नाहीत. 'क्लॉक टॉवर' आता २०२४ च्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे मिळतो, मूळ 'रेसिडेंट ईव्हिल'ही त्याच वर्षी संगणकासाठी पुन्हा विक्रीला आला. सुरुवात 'हॉन्टेड हाऊस'पासूनच करा, एक फेरी दहा-पंधरा मिनिटांत उरकते. किती काड्या ओढल्या याचा हिशेब तो गेम ठेवतो आणि जितक्या कमी तितकं कौशल्य जास्त. पण पहिल्या रात्री काड्या मोजू नका. वारा सुटला की हवी तेवढी ओढा.