तुटलेलं सोनं, तामड्याचे खडे आणि जुन्या सोनारांची चलाखी

2009 च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये एक जण मेटल डिटेक्टर घेऊन नांगरलेल्या शेतात फिरत होता, हॅमरविच नावाचं गाव जवळच, आणि त्याला सोनं लागलं. एखाददुसरा तुकडा नाही, ढीगभर. मग पुरातत्त्ववाले आले, रीतसर खोदकाम झालं, 2012 ला त्याच शेतात अजून काही तुकडे निघाले, आणि मोजदाद गेली 4,600 च्या आसपास. सोनं साधारण 4 किलो, चांदी दीड किलोच्या वर आणि लाल खडे तर हजारांनी. अँग्लो-सॅक्सन काळातला, म्हणजे साधारण पाचव्या ते अकराव्या शतकातल्या इंग्लंडमधला, सोन्याचा एवढा मोठा साठा दुसरा कुठेच मिळालेला नाही. किंमत ठरली 32 लाख 85 हजार पौंड, ती शोधणारा आणि शेतमालक यांच्यात वाटली गेली, आणि माल गेला बर्मिंगहॅम आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या म्युझियमकडे.

आता गंमत बघा, एवढ्या सगळ्यात बायकांचा म्हणावा असा दागिना जवळपास नाहीच. बहुतेक सगळं तलवारीच्या मुठीवरचं नक्षीकाम, मुठीच्या टोकाला बसवायच्या टोप्याच 70 च्या वर आहेत. पण पाती एकही नाही! म्हणजे कोणीतरी तलवारींवरचं सोनं चिमट्याने ओढून, वाकवून, उपटून काढलं आणि सातव्या शतकात कधीतरी, अंदाजे 650 ते 675 च्या दरम्यान, पुरून टाकलं. एक सोन्याचा क्रॉस आहे तोही घडी घालून ठेवलाय. हा भाग तेव्हा मर्सिया नावाच्या राज्यात होता, शेजारच्या राज्यांशी सतत मारामाऱ्या चालू, त्यामुळे ही लूट असणार असं बरेच जण म्हणतात. का पुरली, परत न्यायला कोणी का आलं नाही, यावर वाटेल तेवढे तर्क लढवा.

मला मात्र त्या मोडतोडीचंच जास्त अप्रूप वाटतं. दागिना धड असता तर कोंदणात खडा बसलेला दिसला असता, छान म्हणून आपण पुढे गेलो असतो. इथे खडे निखळलेत, पत्रे फाटलेत, त्यामुळे सोनाराने आत काय केलंय ते सगळं उघडं पडलंय. मातीसुद्धा कशी काढली माहितीये? झाडाच्या काट्याने. धातूच्या सुईने सोन्यावर ओरखडा उठतो, काटा टोकदार असतो पण सोन्यापेक्षा मऊ, म्हणून मायक्रोस्कोपखाली काटा धरून एकेक फट साफ केली.

ते लाल खडे म्हणजे गार्नेट, आपल्याकडे ज्याला तामडा म्हणतात तो. तामडा जाड असला की काळपट दिसतो, प्रकाश आत जातो आणि आतच गुडुप होतो. म्हणून या लोकांनी त्याच्या पातळ चकत्या केल्या, पायऱ्यापायऱ्यांच्या नाहीतर वळणदार आकारात घासल्या, आणि सोन्याच्या पट्ट्या उभ्या करून केलेल्या इवल्या इवल्या खणांमध्ये बसवल्या. खडा काचेपेक्षाही कडक, मशीन वगैरे काही नाही, तरी दोन खड्यांमध्ये फट दिसत नाही! आणि खरी चलाखी खड्याच्या खाली आहे. तिथे वर्खासारखा पातळ सोन्याचा पत्रा, त्यावर ठशाने उठवलेली चौकटीचौकटींची जाळी, एका मिलिमीटरात दोन-तीन रेघा मावतील इतकी बारीक. आत गेलेला प्रकाश या पत्र्यावर आपटून परत येतो, आणि जाळीमुळे वेगवेगळ्या कोनांत येतो. चुलीच्या किंवा मशालीच्या उजेडात तलवारीवरचा हात जरा हलला की खडा निखाऱ्यासारखा लुकलुकणार. कुंदनकामातही खड्याखाली वर्ख घालतात तो याच कारणाने.

हे खडे इंग्लंडचे नाहीत. गार्नेटमध्ये लोह, मॅग्नेशियम, क्रोमियम किती हे मोजलं की तो कुठल्या खडकातला याचा बराच अंदाज येतो, आणि त्यावरून दिसलं की काही, विशेषतः मोठे खडे, भारतीय उपखंडातून आलेत आणि लहान बरेचसे बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातून. तेराशे वर्षांपूर्वीच्या मर्सियातल्या योद्ध्याच्या मुठीवर आपल्याकडचा तामडा! तो योद्धा अर्थातच कधी इकडे आला नाही, खडाच हातोहात, बाजारोबाजार तिकडे पोचला. पुढे हा पुरवठा आटला आणि बोहेमियाच्या बारक्या खड्यांवर भागवावं लागलं, ते का झालं यावर अभ्यासकांचे वाद चालूच आहेत.

तारकाम पण भारी आहे. तार बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षा बारीक, काही ठिकाणी तर 0.2 मिलिमीटर, वर मण्यांची माळ वाटावी अशी खाचा पाडलेली, आणि त्या तारेतून एकमेकांत गुंतलेले साप-जनावरं काढलीत.

पण सगळ्यात बेरकी काम सोन्याच्या रंगात आहे. तेव्हा सोनं यायचं ते बहुतेक जुनी नाणी, जुने दागिने वितळवून, आणि सातव्या शतकात नाण्यांमध्ये चांदीचं हीण वाढत चाललं होतं. चांदी वाढली की सोनं फिकट पडतं. लॅबमध्ये तुकड्यांचा पृष्ठभाग तपासला तर सोन्याचं प्रमाण चांगलं, आणि आतला गाभा तपासला तर चांदी जास्त! काही प्रमाणात हे मातीत पडून राहिल्यानेही होतं, पण इथे सोनारांनी मुद्दाम केलंय असा निष्कर्ष निघाला. मीठ किंवा तसल्याच क्षाराचा लेप लावून तापवलं की वरच्या थरातली चांदी आणि तांबं निघून जातं, सोनं तेवढं राहतं. मुलामा चढवायचा नाही, उलट हीण काढून घ्यायचं. काही वस्तूंमध्ये तर मागच्या पत्र्यावर ही प्रक्रिया केलीये आणि वरची तार तशीच ठेवलीये, म्हणजे पिवळ्याजर्द पत्र्यावर फिकट तार उठून दिसते.

आता याला फसवणूक म्हणायचं का? कसोटीच्या दगडावर घासलं असतं तरी हलक्या हाताने वरचाच थर लागला असता, चोख सोन्याची रेघ उमटली असती. पण तारेसाठी एक रंग आणि पत्र्यासाठी दुसरा ठरवून काढणारा माणूस फक्त गिऱ्हाईकाला टोपी घालत होता असं मला तरी वाटत नाही.