गॅस बार्बेक्यू ग्रिल : सुरक्षित वापर

गॅस बार्बेक्यू ग्रिल म्हणजे प्रोपेन किंवा नैसर्गिक वायूच्या ज्योतीवर मांस, मासे, भाज्या व कणसे भाजण्यासाठी घराबाहेर वापरावयाची, झाकण असलेली मोठी शेगडी. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत ती घरामागच्या अंगणातील नेहमीची वस्तू असून तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्यावर पनीर, कणसे आणि मसाला लावलेली कोंबडी भाजली जाते. निखारे, ठिणग्या आणि राख नसल्यामुळे ती कोळशाच्या शेगडीपेक्षा निर्धोक वाटते. परंतु निखारा डोळ्यांना दिसतो आणि गॅस दिसत नाही, त्यामुळे या शेगडीचे गंभीर अपघात पुष्कळदा ज्योत पेटवण्याच्या क्षणीच होतात. सुटलेला वायू कोठेही साचू न देणे हे तिच्या सुरक्षित वापराचे मुख्य सूत्र असून पुढील बहुतेक नियम त्यातूनच निघतात. येथील विवेचन मुख्यतः अमेरिकेत रूढ असलेल्या, २० पौंडी (सुमारे ९ किग्रॅ.) प्रोपेन सिलिंडरवर चालणाऱ्या ग्रिलचे आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने (एनएफपीए) दिलेल्या आकडेवारीनुसार २०१४ ते २०१८ या काळात त्या देशात घरगुती ग्रिल व बार्बेक्यूशी संबंधित आगींची वार्षिक सरासरी सुमारे १०,६०० होती आणि जुलै महिन्यात त्यांचे प्रमाण सर्वाधिक होते. गॅसवरील ग्रिलच्या आगींत गळती किंवा तुटलेला भाग हे ठळक कारण असते. ग्रिल वेळच्या वेळी साफ न करणे हे सर्वच प्रकारांच्या शेगड्यांना लागू पडणारे कारण आहे.

सिलिंडरमध्ये प्रोपेन द्रवरूपात असतो. त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२° से. असल्याने बाहेर पडताच त्याचा वायू होतो आणि त्याचे घनफळ सुमारे २७० पट वाढते. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड आहे. म्हणून तो वर उडून न जाता पाण्यासारखा उताराकडे सरकतो आणि तळघराची पायरी, गटाराचे तोंड, लाकडी ओट्याखालची पोकळी अशा खोलगट जागी साठून राहतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते ९.५ टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरेशी होते. शुद्ध प्रोपेनला वास नसतो. गळती लक्षात यावी यासाठी त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग मिसळलेले असते. मात्र सर्दी झालेल्या किंवा वयामुळे घ्राणशक्ती मंदावलेल्या व्यक्तीला हा वास येईलच असे नाही, म्हणून केवळ नाकावर विसंबणे योग्य नव्हे.

सुमारे २१° से. तापमानाला सिलिंडरमधील दाब वातावरणाच्या दाबाच्या आठपटींहून अधिक असतो, तर बर्नरला लागणारा दाब अवघा ११ इंच उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे सुमारे २.७ किलोपास्कल असतो. एवढी मोठी तफावत पेलण्याचे काम रेग्युलेटर करतो. म्हणूनच रेग्युलेटर काढून किंवा बदलून जादा दाबाचा बसवणे हा या शेगडीशी करता येणारा सर्वांत धोकादायक खेळ आहे. उष्णतेने द्रव प्रसरण पावतो, यासाठी सिलिंडर सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच भरतात. ही मर्यादा आपोआप पाळली जावी म्हणून अमेरिकेत जादा भरणा रोखणारी, आत तरंगता गोळा असलेली झडप सक्तीची करण्यात आली आणि १ एप्रिल २००२ नंतर तशी झडप नसलेले ग्रिलचे सिलिंडर भरण्यास मनाई झाली. या झडपेची मूठ तीन पाकळ्यांची, साधारण त्रिकोणी असते; गोल मुठीचा जुना सिलिंडर गॅरेजमध्ये पडून असेल तर तो पुन्हा भरण्याच्या भानगडीत न पडता गॅस विक्रेत्याकडे परत द्यावा.

सिलिंडर जोडण्याचा मोठा प्लॅस्टिकचा नट हाताने उजवीकडे फिरवून घट्ट करायचा असतो, त्याला पाना लावू नये. जोड पक्का बसल्याशिवाय झडपेतून गॅस सुटत नाही आणि आगीच्या उष्णतेने नट मऊ पडला तर झडप बंद होते. याच जोडणीत प्रवाह मर्यादित ठेवणारी यंत्रणाही असते. नळी तुटून गॅस एकदम वाहू लागला तर ती प्रवाह आवळते. बर्नरचे खटके उघडे ठेवून सिलिंडरची मूठ झटकन फिरवल्यास ही यंत्रणा त्यालाच गळती समजते. मग ज्योत मंद राहते, ग्रिल तापत नाही आणि वापरणाऱ्याला सिलिंडर रिकामा झाल्यासारखे वाटते. अशा वेळी सर्व बंद करून, जोड सोडवून, थोडे थांबून पुन्हा जोडावे व मूठ अगदी सावकाश उघडावी. रेग्युलेटरवर ठोके मारून उपयोग होत नाही.

गळतीची तपासणी हा या शेगडीच्या वापरातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. हंगामाच्या सुरुवातीला, सिलिंडर बदलल्यावर आणि ग्रिल हलवल्यावर ती करावी. भांडी घासण्याचा द्रव साबण आणि पाणी समप्रमाणात मिसळावे. अमोनिया किंवा क्लोरीन असलेली सफाईची द्रव्ये वापरू नयेत, कारण त्यांनी पितळी जोड खराब होतात. आजूबाजूला ज्योत किंवा पेटती सिगारेट नाही याची खात्री करून, बर्नरचे सर्व खटके बंद ठेवून फक्त सिलिंडरची मूठ उघडावी आणि ब्रशने हे पाणी झडपेच्या बुंध्याला, नटाच्या कडेला, रेग्युलेटरच्या जोडांना व नळीच्या पूर्ण लांबीला लावावे. गळती असल्यास त्या जागी बुडबुडे फुगत जातात. मोठी गळती लगेच फेसाळते, पण बारीक चिरेतून येणारा वायू टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे एकामागून एक सोडत राहतो, ते दिसण्यासाठी क्षणभर थांबावे लागते. नळी हाताने वाकवून पाहिली असता वळणावर भेगा दिसल्या, उंदराने कुरतडल्याच्या खुणा आढळल्या किंवा तापलेल्या पेटीला टेकून ती वितळलेली असली, तर चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नये, नळीच बदलावी. काडी पेटवून गळती शोधणे सर्वथा निषिद्ध आहे.

हिवाळाभर पडून राहिलेल्या ग्रिलमध्ये आणखी एक दोष निर्माण होतो, त्याचे कारण कोळी. खटक्यातून येणारा गॅस बर्नरच्या नळीत शिरताना तेथील उघड्या फटीतून हवा ओढून घेतो आणि हे मिश्रण पुढे जळते. ही अरुंद, अंधारी नळी लहान कोळ्यांना व कीटकांना आवडते. आत विणलेल्या जाळ्यामुळे वाट अडली की हवा व गॅस यांचे प्रमाण बिघडते, ज्योत निळ्याऐवजी पिवळी व सुस्त होते आणि अडथळा जास्त असल्यास गॅस मागच्या मागे फटीतून बाहेर पडून खटक्यांच्या पट्टीमागेच पेट घेतो. अनेक उत्पादक या फटीवर बारीक तारेची जाळी बसवतात, तरीही मोसमातील पहिल्या वापरापूर्वी बर्नर काढून लांब दांड्याच्या लवचिक ब्रशने नळ्या साफ कराव्यात. खटक्यांची पट्टी हाताला असह्य गरम लागणे ही आत ज्योत उलटल्याची खूण आहे. तेव्हा सिलिंडर त्वरित बंद करावा.

ग्रिल मोकळ्या आकाशाखाली, सपाट व भक्कम जमिनीवर, भिंत, कुंपण आणि झाडाच्या फांद्यांपासून दूर असावी. साधारण ३ मीटर (१० फूट) अंतर ठेवण्याचा दंडक अमेरिकेत रूढ आहे. पावसामुळे ग्रिल गॅरेजच्या दारात किंवा छताखाली ओढण्याचा मोह अनेकांना होतो. पण तेथे आगीबरोबरच कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो. या वायूला रंग वा वास नसतो आणि रक्तातील हीमोग्लोबिनशी त्याचा संयोग ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट होतो. तंबूतही ग्रिल कधी नेऊ नये. बहुमजली इमारतींच्या सज्जांबाबत अमेरिकेतील शहरांचे नियम बरेच कडक आहेत. न्यूयॉर्क शहरात सदनिकांच्या सज्जात किंवा छतावर २० पौंडी सिलिंडरची ग्रिल वापरता येत नाही. नव्याने सदनिका भाड्याने घेणाऱ्याने भाडेकरारातील ग्रिलविषयीचे कलम ती विकत घेण्यापूर्वी वाचावे.

ऑस्ट्रेलियात वणव्यांमुळे नियमांना वेगळेच वजन आहे. न्यू साउथ वेल्समध्ये संपूर्ण आगबंदीच्या दिवशीही गॅसची ग्रिल घरापासून २० मीटरच्या आत वापरता येते, परंतु प्रौढ व्यक्तीची सतत देखरेख, भोवतालच्या २ मीटरमध्ये ज्वलनशील काहीही नसणे आणि हाताशी पाण्याची सोय असणे या अटी आहेत. व्हिक्टोरियात मोकळ्या जागेची अट ३ मीटरची असून किमान १० लिटर पाणी जवळ ठेवावे लागते. राज्य बदलले की नियम बदलतो, म्हणून सहलीला निघण्यापूर्वी त्या त्या राज्याच्या अग्निशमन यंत्रणेची सूचना पाहणे आवश्यक ठरते.

पेटवताना झाकण उघडे असले पाहिजे, याला अपवाद नाही. झाकण बंद असताना खटका उघडला तर पेटीत स्फोटक मिश्रण साठते आणि ठिणगी पडताच झाकणासह ज्वाळा वाकून उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे उसळते. भुवया व हात भाजण्याच्या अनेक घटनांमागे हीच कृती असते. झाकण उघडल्यावर सिलिंडरची मूठ सावकाश उघडावी, एक बर्नर चालू करून लगेच ठिणगी द्यावी आणि चेहरा बाजूला ठेवावा. पाच सेकंदांत ज्योत धरली नाही तर सर्व बंद करून पाच मिनिटे झाकण उघडे ठेवूनच थांबावे. ही पाच मिनिटे पाहुण्यांसमोर फार लांब वाटतात, आणि घाईने पुन्हा ठिणगी देण्याचा प्रसंग नेमका तेव्हाच येतो. वाऱ्याने ज्योत विझली तरी हाच क्रम पाळावा.

भाजणे सुरू झाल्यावर धोक्याचे स्वरूप बदलते, कारण आता इंधनात चरबीची भर पडते. मटण, सॉसेज किंवा तेलात मुरवलेली कोंबडी यांतून ठिबकणारी चरबी तापलेल्या भागावर पडून भडका उडतो. पूर्वीच्या अनेक ग्रिलमध्ये बर्नरवर लाव्हा दगडांचा थर असे आणि त्यांत चरबी मुरून राही. १९८५ मध्ये वेबर कंपनीने जेनेसिस या ग्रिलमध्ये दगडांऐवजी उतरत्या बाजूंच्या धातूच्या पट्ट्या बसवल्या, ज्यांवरून न जळलेली चरबी खालच्या तबकात ओघळते. अर्थात ते तबकच महिनोन्‌महिने रिकामे केले नाही तर या सुधारणेचा फायदा उरत नाही. चरबीने पेट घेतल्यास पाणी ओतू नये. तापलेल्या चरबीत पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते थेंब चौफेर उडतात. बर्नर बंद करावेत, झाकण लावून आगीची हवा तोडावी आणि पोहोचणे निर्धोक असेल तरच सिलिंडर बंद करावा. बेकिंग सोडा आणि कोरड्या भुकटीचे अग्निशामक उपकरण जवळ असणे इष्ट आहे. आग नळीला किंवा सिलिंडरलाच लागली असेल तर विझवण्याचा प्रयत्न न करता सर्वांना दूर नेऊन अग्निशमन दलाला बोलवावे, कारण तापलेल्या सिलिंडरची सुरक्षा झडप उघडली की ज्वाळेचा लांब झोत बाहेर पडतो आणि धातू कमकुवत झाल्यास सिलिंडर फुटू शकतो.

जाळी घासण्याच्या तारेच्या ब्रशमुळे वेगळ्या प्रकारची इजा होते. ब्रशमधून निसटलेली बारीक तार जाळीला चिकटून अन्नात जाते व घशात किंवा आतड्यात रुतते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने (सीडीसी) २०१२ मध्ये ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथील अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. तारा सुटू लागलेला ब्रश टाकून द्यावा आणि घासल्यावर जाळी ओल्या कापडाने पुसून घ्यावी.

काम संपल्यावर आधी सिलिंडर आणि मग बर्नर बंद केल्यास नळीतील उरलासुरला गॅसही जळून जातो. सिलिंडर नेहमी उभा ठेवावा. आडवा ठेवल्यास सुरक्षा झडपेशी वायूऐवजी द्रव येतो. सिलिंडर घरात, तळघरात वा बंद गॅरेजमध्ये ठेवू नये, ग्रिलखाली जादा सिलिंडर साठवू नये आणि भरून आणताना गाडीत उभा बांधून, खिडक्या उघड्या ठेवून, वाटेत कोठेही न थांबता घरी आणावा.

भारतात परदेशी बनावटीच्या ग्रिल वापरताना गॅसचा प्रकार व जोडणी हे दोन प्रश्न प्रथम उद्भवतात. येथील घरगुती एलपीजी प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असल्याने केवळ प्रोपेनसाठी छिद्र पाडलेल्या बर्नरमध्ये ते पिवळ्या, काजळी धरणाऱ्या ज्योतीने जळू शकते. शिवाय अमेरिकन नट भारतीय सिलिंडरच्या झडपेवर बसत नाही, आणि तो बसवण्यासाठी स्थानिक कारागिराकडून जुगाडू जोड करून घेणे म्हणजे वर वर्णन केलेल्या सर्व सुरक्षा यंत्रणा एका फटक्यात काढून टाकणे होय. मुंबई, ठाणे, पुणे येथे नळीने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असून त्याच्या बर्नरची छिद्रे मोठी असतात. तशा ग्रिलला एलपीजी जोडल्यास ज्योत अनावर मोठी होते. भारतीय एलपीजीसाठीच बनवलेली ग्रिल, आयएसआय चिन्हाचा रेग्युलेटर आणि तारेची गुंफण असलेली सुरक्षा नळी हाच योग्य पर्याय असून ही नळी पाच वर्षांनी बदलणे अपेक्षित आहे. इमारतीच्या गच्चीवर ग्रिल मांडताना तिच्या भोवतालच्या कठड्याकडे लक्ष द्यावे. भरीव कठड्यामुळे सुटलेला जड वायू गच्चीवरच अडतो किंवा पावसाच्या पन्हाळीतून खाली उतरतो, म्हणून सिलिंडर पन्हाळीच्या व जिन्याच्या तोंडापासून दूर ठेवावा. गळतीच्या तक्रारीसाठी एलपीजी ग्राहकांना १९०६ हा आपत्कालीन क्रमांक उपलब्ध असून आग लागल्यास १०१ किंवा ११२ वर संपर्क साधावा.